गुडघ्याची उठबस

(एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना सचिवांनी सांगितलं की बाईंनी पस्तीस वर्षं गुडघ्यांवर काम केलं. ऐकणाऱ्याला वाटावं, फरशा पुसत होत्या. तर मी फिजिओथेरपिस्ट. आता माझेही गुडघे कुरकुरतात, त्यामुळे आज दोन्ही बाजूंनी बोलायचा अधिकार मला आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘गुडघेदुखी : वस्तीपातळीवरचे उपाय’. मीच दिलाय तो, येतेच त्याच्याकडे. पण आधी या खुर्च्यांबद्दल बोलू द्या. ही प्लास्टिकची खुर्ची बघा. बूड खोलगट, पाठ मागे कललेली. बसलं की माणूस आत जातो. उठताना खुर्चीच्या हातावर जोर द्यावा, तर तो बाहेर वाकतो. सगळा भार येतो गुडघ्यावर, तोही गुडघा सगळ्यात जास्त दुमडलेला असताना. आणि ही खुर्ची आपण कुठे मांडतो? ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात! मंचावरचा सोफा तर विचारूच नका. सत्कारमूर्तीला शाल-श्रीफळासकट दोघांनी उपसून काढावं लागतं. अध्यक्ष हसतायत, पण त्यांना आत्ता उठायला सांगू नका.

आता माझी खरी तक्रार. गुडघ्याविषयीची आपली सगळी भाषा गॅरेजमधून आलेली आहे. झिजला. वंगण संपलं. घासतोय. बदलून टाका. एकदा गुडघा म्हणजे यंत्र असं मनात बसलं, की पुढचं आपोआप येतं. यंत्र वापरलं की झिजतं, म्हणून शहाण्या माणसाने ते जपून वापरावं. जिना टाळावा, बाजार टाळावा, बसून राहावं. आपल्या आईवडिलांना आपण प्रेमाने हेच सांगतो. ‘तू बस गं, मी आणते.’

पण गुडघा यंत्र नाही हो. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ना, तिला रक्तवाहिन्या नसतात. मग तिचं पोट कसं भरतं? सांध्यातल्या द्रवावर. पाऊल टाकलं की ती दाबली जाते, उचललं की सैल होते, आणि या दाबण्या-सुटण्यात स्पंजासारखी तो द्रव घेते-सोडते. म्हणजे चालणं हे तिचं जेवण. तुम्ही बसून राहिलात की तिचा उपास. शिवाय मांडीच्या पुढच्या स्नायूने जे ओझं झेलायचं, तो स्नायू बसून बसून वाळतो आणि सगळं ओझं सांध्यावर पडतं. मग जास्त दुखतं. मग आपण जास्त बसतो.

माझ्या आत्याची गोष्ट सांगते. माझ्या विद्यार्थ्यांना ती पाठ झाली आहे, तुमच्यासाठी नवी आहे.

आत्या पेठेतल्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहायची. लाकडी जिना, कठडा नाही, धरायला वरून दोर सोडलेला. एकाहत्तराव्या वर्षी तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. एका डॉक्टरांनी एक्सरे काढला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, ‘आजी, हाडावर हाड घासतंय, आता जपा.’ झालं. त्या दिवशी आत्या दोर धरून वर आली ती जवळजवळ दीड वर्ष खाली उतरली नाही.

उतरली नाही म्हणजे एकदम नाही. आधी मांडी घालून बसणं सुटलं. मग मंडई सुटली. मग भिशी. भजनी मंडळ शेवटपर्यंत धरून होती, कारण पेटी तिच्याकडे होती. एक दिवस पेटीच कुणाकडे तरी पाठवून दिली. एक्सरेची ती मोठी पिवळी पिशवी मात्र दाराशी खिळ्याला टांगलेली. आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या आणि पाठोपाठ फिल्म. लग्नाचा अल्बम दाखवावा तशी. ‘हे बघ, इथे फट असते, माझी बुजली.’ पोस्टमनलासुद्धा दाखवायची.

आणि उपाय! निर्गुडीचा पाला गरम करून बांधून झाला. एरंडेल झालं. प्रदर्शनातून आणलेला चुंबकाचा पट्टा झाला. हसलात, म्हणजे तुमच्याही कपाटात आहे. डिंकाचे लाडू तर इतके झाले की वजन चार किलोने वाढलं आणि त्याचा भार पुन्हा त्याच गुडघ्यावर. शेक घ्या, बरं वाटतं, माझी ना नाही. पण पाल्याने मांडीत ताकद येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही काय करत होतात? मी होते ना! व्यायामाचा छापील कागद दिला होता. आठ चित्रं, बाणबिण काढलेले. पुढच्या वेळी गेले तेव्हा तो कागद पोथीत होता. खूण म्हणून. तिसऱ्या अध्यायाला.

आत्याला पुन्हा चालती केली शेजारच्या काकूंनी. त्यांचा टीव्ही बिघडला, म्हणून सातच्या मालिकेला त्या आत्याकडे यायला लागल्या. या काकूंना एका जागी बसवत नसे. जाहिराती लागल्या की कुकर बघायला उठायच्या, आणि आत्यालाही म्हणायच्या, ‘उठा हो, पाय आखडतील.’ आत्याला खुर्चीतून उठताना दुखायचं. काकूंनी काय करावं? खुर्चीवर सतरंजीची घडी घातली, तिच्यावर गोधडीची घडी. बैठक उंच झाली, गुडघा कमी दुमडला, आत्या उठली. जाहिरात संपेपर्यंत उठायचं, बसायचं. पहिल्या आठवड्यात तीनदा, मग पाच, मग दहा. दसऱ्याला गोधडी निघाली. संक्रांतीला सतरंजी निघाली.

आम्ही ज्याला शास्त्रशुद्ध, टप्प्याटप्प्याने वाढवलेला भार म्हणतो, तो हाच. पुस्तकातला. काकूंनी पुस्तक पाहिलेलंही नव्हतं. आणि मालिका रोज असल्यामुळे खाडा नाही. माझ्या कागदाला जे जमलं नाही, ते सात वाजता दार वाजवणाऱ्या बाईला जमलं.

चैत्रात आत्या खाली उतरली, दोर धरूनच, आणि वाड्याच्या कट्ट्यावर जाऊन बसली. गुडघा दुखायचा थांबला नव्हता. थंडीत कुरकुरायचाच. हाडं काही पुन्हा भरून आली नव्हती, एक्सरे पुन्हा काढला असता तर तसाच दिसला असता. एक्सरेत भयंकर दिसणारे गुडघे आरामात डोंगर चढतात आणि फिल्म छान असलेली माणसं विव्हळतात, हे मी रोज बघते. २०२२ च्या इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनातही हेच आहे. वय पंचेचाळीसच्या पुढे, हालचालीने दुखतं, सकाळचा ताठरपणा नाही किंवा अर्ध्या तासाच्या आत जातो, तर निदानासाठी एक्सरेची गरज नाही. पिवळी पिशवी तिथेच वाचते.

कुणीतरी विचारणारच, म्हणून ऑपरेशनचं बोलून घेते. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीमध्ये डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, पुढच्या वर्षी उजवा. तोवर ‘गुडघा बदलणे’ हा शब्द घरात कुणी वापरत नव्हतं. त्यानंतर दर दिवाळीला कुणाचा तरी बदलून यायला लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा तर विचारू नका. चांगलं ऑपरेशन आहे, ज्याला गरज आहे त्याने जरूर करावं. पण दुर्बिणीने गुडघा ‘साफ’ करून घेण्याचं खूळ वेगळं. ह्यूस्टनला १८० जणांवर अभ्यास झाला, २००२ साली छापून आला. काहींचं खरं ऑपरेशन केलं आणि काहींचं नुसतं सोंग, म्हणजे कातडीला छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दोघांचं दुखणं सारखंच. मला तर त्या सोंगवाल्यांचं…

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ खाली ‘बटाटेवडे आले आहेत’ असंही लिहिलंय, हे जास्त गंभीर आहे. बरं, पत्रिकेवरचा विषय आता पळत पळत.

काकूंनी नकळत केलं ते काही देशांत ठरवून करतात. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा उपक्रम आहे. दोन वेळा समजावून सांगणं आणि बारा वेळा एकत्र व्यायाम. इंग्लंडात माइक हर्ले नावाच्या फिजिओथेरपिस्टने ‘एस्केप पेन’ उभं केलं. तिथेही बाराच बैठका, आठवड्यातून दोन, सहा आठवडे. थोडा वेळ गप्पा, मग घाम. गावातल्या सभागृहातसुद्धा चालतं. यातलं आपल्याकडे काय नाही? सभागृह आहे. खुर्च्या आहेत, जशा आहेत तशा. विरंगुळा केंद्र आहे, देवळाचा मंडप आहे, बचत गट आहेत. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी पाऊण तास. पहिल्या दोन वेळा एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलवा, मी येईन. पुढे तुमचं तुम्ही. आणि जोड्या लावा. जो आला नाही, त्याच्या जोडीदाराने त्याच्या घरी जाऊन दार वाजवायचं. ही माझी एकच अट, कारण आत्याच्या बाबतीत चाललं ते दार वाजवणंच.

दुखलं तर? शून्य ते दहा मोजा. पाचपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकंच असेल तर भार बरोबर होता. जास्त असेल तर पुढच्या वेळी थोडं कमी करा, बंद करू नका.

वजन. शरीराचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. हे मोजून पाहिलेलं आहे. लाडवांचं मी पुन्हा बोलत नाही.

काठी. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. सिनेमातले म्हातारे नेमकं उलटं करतात, त्यांच्याकडून शिकू नका. काठी, पट्टा, कमोडची खुर्ची यासाठी पासष्ट पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३,००० रुपये मिळतात. २०२४ पासूनची योजना आहे. संघाने अर्ज भरून द्यायला एक मुलगा बसवावा. कमोडला लाजू नका. देशी संडासातून उठण्याचा पराक्रम रोज पहाटे करायची गरज नाही.

औषधं. आधी चोळायचं डायक्लोफेनॅकचं मलम, दिवसातून तीन-चार वेळा, नियमाने. पोटात घ्यायची दुखण्याची गोळी मनाने दुकानातून आणू नका, रक्तदाब आणि मूत्रपिंडाला ती महाग पडते. सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाईनच्या डब्यांवर पैसे घालवू नका. गुडघा गरम आणि टम्म सुजला, ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना, मधेच अडकून बसला, रात्री शांत पडलं तरी ठणकायला लागला, तर माझं भाषण विसरून सरळ डॉक्टरांकडे जा.

दुसरी चिठ्ठी. वाचतच नाही.

जाता जाता एक करू. वड्यांआधी. तीस सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, अशी एक साधी चाचणी आहे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात बायकांना दहाच्या खाली आणि पुरुषांना बाराच्या खाली असेल तर कमी समजतात. तिची खुर्ची १७ इंच उंच, सरळ पाठीची, बिनहाताची असते. तशी इथे एकही नाही. म्हणून असं करा, शेजारची रिकामी खुर्ची उचला आणि आपल्या खुर्चीवर चढवा. दोन एकात एक बसल्या की बैठक जरा उंच होते आणि डगमगतही नाही. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. ज्यांना चक्कर येते, ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी नुसतं मोजायचं. हात छातीवर, असे फुलीसारखे. पूर्ण उभं राहायचं, मग बसायचं. धपकन नाही, सावकाश. शेजाऱ्याचा आकडा शेजाऱ्याने धरायचा, स्वतःचा नाही, आपण स्वतःला दोन जास्तच देतो.

अध्यक्ष, तुम्ही सोफ्यातून बाहेर या आधी. द्या रे कुणीतरी हात. सेकंदकाटा कुणाच्या घड्याळात आहे? तुमच्या? बरं. म्हणा, सुरू.