कागदावरचं जंगल : चित्रकार टायरस वाँग

श्रोतेहो, नमस्कार.

सिनेमाच्या जाहिरातीत नटनट्यांची नावं असतात, दिग्दर्शकाचं असतं, संगीतकाराचं असतं. पण कॅमेरा सुरू व्हायच्या कितीतरी आधी कुणीतरी टेबलाशी बसून तो सिनेमा कागदावर रंगवत असतो. पटकथा वाचायची आणि प्रसंग कसा दिसेल ते चित्रातून दाखवायचं. उजेड कुठून येतो, माणसं किती जवळ, त्यांच्या पाठीमागे काय, अंधार किती दाट. ही चित्रं समोर ठेवून मग सेट उभे राहतात, दिवे लागतात, कॅमेऱ्याची जागा ठरते. प्रेक्षकांसाठी ती काढलेलीच नसतात. काम झालं की स्टुडिओच्या कपाटात जातात. अशी चित्रं काढण्यात ज्यांच्या उमेदीची वर्षं गेली, त्या टायरस वाँग यांच्याबद्दल आज मला बोलायचं आहे.

वाँग यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९१०चा, दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या ताइशान भागातला. १९२० साली, नऊ वर्षांचे असताना, ते वडिलांबरोबर अमेरिकेच्या बोटीत बसले. आई आणि बहीण मागे राहिल्या. त्यांची पुन्हा कधी भेट झाली नाही.

त्या काळी अमेरिकेत चिनी माणसाला पाऊल ठेवणंच मुश्कील होतं. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाची दारं बंद केली होती. पुढे १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आग लागली आणि सरकारी दप्तरं जळून गेली, त्यामुळे कुणाचं नातं खरं ते ताडून पाहणं अवघड झालं. त्यातून एक वाट निघाली. तिथे असलेल्या एखाद्याचा मुलगा म्हणून कागदपत्रं करायची आणि त्या नावाने आत शिरायचं. वाँग असेच कागदोपत्री दुसऱ्याच नावाचे होऊन आले. खोट्या घराची, खोट्या नातेवाइकांची माहिती पाठ करून ठेवायची, कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड बेटावर, जिथे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी होई, तिथले अधिकारी उलटसुलट प्रश्न विचारून खरंखोटं करत. वडील आधी अमेरिकेत राहून गेलेले होते, त्यामुळे ते लवकर सुटले. पोराला मात्र जवळजवळ महिनाभर त्या बेटावर एकट्याने काढावा लागला. म्हातारपणीही त्या जागेचा विषय निघाला की ते तिला तुरुंगच म्हणत.

वडील गरीब होते, पण मुलाच्या हातातली कला त्यांनी ओळखली होती. रोज रात्री ते त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेत. शाई आणि चांगला कागद घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून कुंचला पाण्यात बुडवायचा आणि जुन्या वर्तमानपत्रावर लिहायचं. ओलं आहे तोवर अक्षर दिसणार, वाळलं की गेलं. खाडाखोडीला वावच नाही. कुंचला टेकवण्याआधी फटकारा मनात पक्का हवा. वाँग यांची चित्रं पाहताना मला ही शिकवणी सारखी आठवते. त्यांच्या कुंचल्याला कुठेही घुटमळण्याची सवय नाही.

पुढे लॉस एंजेलिसच्या ओटिस कलाशाळेत त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. वडिलांनी इकडूनतिकडून पैसे उभे केले, मुलाने तिथेच झाडलोटीचं काम धरलं. शाळेत पाश्चात्त्य चित्रकला शिकायची आणि मोकळ्या वेळात ग्रंथालयात बसून सुंग राजवटीतल्या चिनी चित्रकारांची निसर्गचित्रं पाहायची, असा त्यांचा अभ्यास दोन्ही अंगांनी चालला.

१९३८ साली डिस्ने स्टुडिओत नोकरी लागली ती अगदी खालच्या पायरीवर. मुख्य चित्रकार हालचालीची सुरुवात आणि शेवट काढणार, मधली चित्रं यांनी भरायची. सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. त्यामुळे मिकी माउसचा हात वर जायचा तर रेघ न रेघ किंचित सरकवत किती कागद काढावे लागत असतील, विचार करा. डोळे शिणून जात.

तेवढ्यात त्यांच्या कानावर आलं की स्टुडिओत 'बॅम्बी' नावाच्या सिनेमाची तयारी चालू आहे. फेलिक्स साल्टन यांच्या १९२३च्या कादंबरीवरची, हरणाच्या पाडसाची गोष्ट. ही तयारी एका जागी अडली होती. जंगल खरं दिसावं म्हणून स्टुडिओने एका चित्रकाराला मेन राज्यातल्या रानात पाठवून फोटो काढून आणवले होते. चित्रकारांनी पान न पान रंगवलं, फांदी न फांदी रंगवली. आणि त्या दाटीत हरीणच दिसेना!

वाँग यांनी कादंबरी वाचली आणि घरी बसून आपल्या मनाने लहान लहान चित्रं काढली. त्यातलं जंगल कसं आहे ते सांगतो. कागदाच्या कडेने धूसर, ओलसर रंग पसरलेला असतो. त्यात दोनचार बुंधे, तेही वर जाता जाता धुक्यात विरलेले. मधे थोडी जागा उजळ ठेवलेली आणि त्या उजेडात इवलंसं पाडस. पानं जवळपास नाहीतच. तरी बघताक्षणी गारवा जाणवतो, आपण पहाटेच्या रानात उभे आहोत असं वाटतं. सुंग काळातल्या चित्रकारांनी डोंगर धुक्यात अर्धे झाकून दाखवले होते. तीच जाण इथे आली होती.

कलादिग्दर्शक टॉम कॉड्रिक यांनी ही चित्रं पाहिली, वॉल्ट डिस्ने यांनाही ती आवडली. मग दोनेक वर्षं वाँग शेकडो चित्रं काढत राहिले. पाऊस, वणवा, दोन काळवंडलेल्या आकृतींसारखी झुंजणारी हरणं, बर्फ. पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांनी त्यांची रीत उचलली आणि सगळ्या सिनेमाला एकच सूर लाभला.

आईला मुकलेलं पाडस आणि आईला सोडून आलेला मुलगा, यांची सांगड अनेकांनी घातली आहे. मोह मलाही होतो. पण वाँग यांचं मोठेपण मला त्या योगायोगापेक्षा चित्रातल्या रिकाम्या जागेत जास्त दिसतं. काय गाळायचं ते कळायला फार अभ्यास लागतो.

आणि या कामाचं फळ काय मिळालं? १९४१ साली स्टुडिओत मोठा संप झाला. वाँग संपात नव्हते, तरी त्यानंतरच्या काढाकाढीत त्यांची नोकरी गेली. ऑगस्ट १९४२मध्ये सिनेमा लागला तेव्हा श्रेयनामावलीत त्यांचं नाव पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांच्या यादीत, बरंच खाली होतं. हा अन्याय होता, आणि तो तसाच म्हटला पाहिजे.

ते रडत बसले नाहीत. १९४२ ते १९६८ अशी सव्वीस वर्षं त्यांनी वॉर्नर ब्रदर्समध्ये काढली. तिथे सिनेमे माणसांचे, खऱ्या सेटवरचे. 'रिबेल विदाउट अ कॉज' आणि 'द वाइल्ड बंच' यांची पूर्वचित्रं त्यांच्या हातची. नाताळची शुभेच्छापत्रंही त्यांनी खूप केली. १९५४मधलं एक कार्ड तर दहा लाखांवर खपलं. चिनी लोकांवरचा तो कायदा १९४३ साली रद्द झाला आणि १९४६मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं.

निवृत्तीनंतर त्यांनी पतंग करायला घेतले. बांबूच्या कामट्या तासून, रंगवून केलेले. फुलपाखरं, पाकोळ्यांचे थवे, लांबलचक शतपाद किडे. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर ते उडवायला जात. त्यांना मासेमारीचाही नाद होता. ते म्हणत, दोन्ही एकच, फक्त मासे धरताना खाली बघायचं आणि पतंग उडवताना वर. मधे पत्नी रूथ आजारी झाल्या तेव्हा हे सगळं बाजूला ठेवून त्यांनी त्यांची शुश्रूषा केली.

डिस्ने कंपनीने २००१ साली त्यांना 'डिस्ने लेजंड' हा सन्मान दिला. नोकरी गेली त्याला तेव्हा साठ वर्षं झाली होती. २०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वॉल्ट डिस्ने फॅमिली म्युझियममध्ये त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. ३० डिसेंबर २०१६ रोजी, वयाच्या १०६व्या वर्षी, ते गेले.

'बॅम्बी' पुन्हा बघायचा योग आला तर सुरुवातीची नावं घाईने पुढे सरकवू नका. पार्श्वभूमीच्या यादीत टायरस वाँग हे नाव शोधा आणि मगच पहिल्या जंगलाकडे बघा.

नमस्कार.