खण: चोळीचा आणि घराचा

(पडद्यावर: खणाची त्रिकोणी घडी. एक हात ती सावकाश उलगडतो.)

वर नारळ, मूठभर तांदूळ आणि खाली ही त्रिकोणी घडी. ओटी भरताना आपण खण पाहतो तो असाच, मिटलेला.

उलगडला की लक्षात येतं, हा मुळात एका चोळीपुरता तुकडा. कडेला काठ, मध्ये बारीक बुट्टे. काठ बरोबर दंडावर यावा असं बेतून शिंपी तो कापायचा. ताणा म्हणजे उभे धागे एका रंगाचे, बाणा म्हणजे आडवे दुसऱ्या. म्हणून हिरवा म्हणावा तर हात हलताच जांभळा झळकतो.

हे कापड गुळेदगुड्डचं. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं, बदामीजवळचं गाव. विणणारे कानडी बोलणारे, नेसत्या नऊवारीवर चोळी घालणाऱ्या कितीतरी जणी मराठी. 1956 पर्यंत तो मुलूख मुंबई राज्यातच होता. पुढे राज्यांची फेररचना झाली, गिऱ्हाईक तेच राहिलं.

मग पाचवारी आली, ब्लाउजपीस आले आणि खण देवीपुढे, ओटीत, आजीच्या ट्रंकेत जाऊन बसला.

(पडद्यावर: दिवाळीतला बाजार.)

आता बघा. खणाचे आकाशकंदील, तोरणं, उशांचे अभ्रे, वह्यांची कव्हरं. शेजारच्याच दुकानात खणाची अख्खी साडी. अंगावर जे कापड, तेच सोफ्यावर. याला म्हणे विंटेज लूक!

पण खणालाच हे का जमलं? पैठणीच्या पदरावरचा मोर मधून कापला तर तुटतो. खणाचा बुट्टा इतका बारीक, की वीतभर तुकड्यातही नक्षी पुरी दिसते. आणि काठ म्हणजे तोरणाला आयती किनारच.

शिवाय शब्द तर आपल्याकडे आधीपासून आहे. वाड्यातली जागा खणांनीच मोजायचे. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. दोन खणी स्वयंपाकघर, पाच खणी माडी. कपाटाचा कप्पाही खणच. म्हणजे चोळी खणाची, ठेवायची खणात, आणि घरही खणांचं.

हौस मात्र बेताने करावी. पडदे, अभ्रे, कुर्ता सगळंच खणाचं केलं, की दिवाणखान्याचा हळदीकुंकवाचा मांडव होतो. आणि घेताना कापड उलटून बघा. विणलेल्या बुट्ट्याचे धागे पाठीवर सुटे दिसतात. नुसत्या छापलेल्याची पाठ कोरी असते.

(पडद्यावर: दारावरचं तोरण, अगदी जवळून.)

हे तोरण बाजारातलं नाही. जुन्या चोळीचं आहे. बगलेत रंग पार उडाला होता, तेवढा भाग टाकून दिला. काठ शाबूत होता. मधल्या पानावर नीट पाहिलंत तर उसवलेल्या बाहीच्या टाक्यांची भोकं अजून दिसतात, एका ओळीत.