ताकद नळीत आहे, पण प्लास्टिकमध्ये येते का?

हा जो काळाभोर भुगा दिसतोय ना, ह्या कार्बन नॅनोट्यूब्स, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या. एकेक नळी केसापेक्षा हजारो पटीने बारीक, आणि २००० साली अमेरिकेत सुट्या नळ्या ओढून बघितल्या तेव्हा त्या ११ ते ६३ गिगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण घेऊन मग तुटल्या. भारीतलं स्टीलसुद्धा सहसा दोन-तीनच्या पुढे जात नाही.

मग वाटतं की नायलॉनमध्ये चिमूटभर टाकलं की झालं काम. पण ह्या नळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात की पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तसे त्यांचे गोळे राहतात, आणि पार्टवर लोड आला की तडा नेमका त्या गोळ्यापासूनच सुरू होतो. म्हणजे ताकदीसाठी जे घातलं तीच कमजोर जागा.

कारखान्यात हे मिक्सिंग ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून दोन फिरत्या स्क्रूंनी मळणाऱ्या मशीनवर होतं. नायलॉन ६ चे दाणे आधी नीट सुकवायचे, कारण ओलावा राहिला तर वितळताना नायलॉनच्या साखळ्याच तुटतात, मग साधारण २५० डिग्रीला दोन स्क्रू तो रस असा काही मळतात की गोळे फुटायला लागतात. खरी गोची इथेच आहे! मळणं कमी पडलं तर गोळे तसेच, आणि जोर वाढवत नेला तर गोळ्यांबरोबर नळ्याही तुटून आखूड होतात, आणि आखूड नळीवर प्लास्टिककडून ताण पुरेसा चढतच नाही.

लॅबमध्ये हे गोळे फोडायला सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवणारा द्रव) आणि अल्ट्रासाउंड (ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी) वापरतात. पॉलिस्टायरिनमध्ये (थर्माकोल ज्याचं बनतं त्या प्लास्टिकमध्ये) असं करून फक्त १ टक्का नळ्यांवर कडकपणा ३६ ते ४२ टक्के वाढला होता, तुटायची ताकद साधारण २५ टक्के, हा निकालही २००० सालचाच आणि मला तो आजही जबरदस्त वाटतो. पण अल्ट्रासाउंड जास्त वेळ चालवलं तरी नळ्या तुटतातच, शिवाय टनावारी मालाला एवढं सॉल्व्हंट वापरून उडवून टाकणं परवडत नाही.

नळी आणि प्लास्टिकमधली पकड वाढवायला नळ्यांना ॲसिड देतात, तेही बेतानंच, कारण जास्त झालं तर नळीच्या भिंतीला भोकं पडतात.

आणि शेवटी दिशा. गरम धागा ताणून काढला की आतल्या नळ्या लांबीच्या दिशेनं लागतात आणि त्या दिशेला धागा चांगलाच मजबूत होतो, पण आडव्या दिशेला तेवढा फायदा मिळत नाही, म्हणून धाग्याला जमणारी ही युक्ती चहूबाजूंनी लोड घेणाऱ्या मोल्डेड पार्टला लावता येत नाही, तिथे परत सगळी भिस्त त्या दोन स्क्रूंवरच.