टॉलचीफ ते टॉलचीफच

मंडळी, अमेरिकन बॅले नर्तकी मारिया टॉलचीफचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आदिवासी घरातली ना, मग नाच तिच्या रक्तातच असणार.’ मला हे मुळीच पटत नाही. बॅले तिच्या रक्तात नव्हता. तो तिने घाम गाळून मिळवला. आणि जो नाच खरोखर तिच्या लोकांचा होता, तो तिने रंगमंचावर कधी आणला नाही.

तिचा जन्म 1925 चा, अमेरिकेत ओक्लाहोमातल्या फेअरफॅक्स गावचा. वडील ओसेज या तिथल्या मूलनिवासी जमातीचे, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची. ओसेजांच्या जमिनीखाली तेल सापडलं आणि घराघरांत पैसा आला. त्या तेलातल्या हिश्शांसाठी 1920 च्या दशकात ओसेज माणसांचे खून पडले, तेही याच परिसरात. अलीकडे एका हॉलिवूडपटामुळे आपल्याकडेही हे थोडंफार माहीत झालंय.

सरकारने 1883 पासून मूलनिवासींचे धार्मिक नाच गुन्हा ठरवले होते. नाचलात तर शिधा बंद, नाहीतर कोठडी. हे धोरण मागे घेतलं गेलं 1934 साली. त्याआधी आडबाजूला, गुपचूप होणाऱ्या समारंभांना आजी या नातीला घेऊन जायची. ओसेजांचा मोठा नाच म्हणजे इलोन्श्का. तो जूनमध्ये ग्रेहॉर्स, हॉमिनी आणि पॉहस्का या तीन ठिकाणी होतो. मधोमध ढोल, त्याभोवती गाणारे आणि त्यांच्याभोवती फिरणारे नाचणारे. ढोल सांभाळण्याचा मान एखाद्या घरच्या थोरल्या मुलाकडे, आणि त्याच्यामागे सगळं घर राबतं. आपल्याकडे पालखीपुढे नाचणाऱ्याला कोणी ‘तुमचा पुढचा प्रयोग कधी?’ असं विचारत नाही, तसंच हे.

आता गंमत बघा. याच मुलीला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, मार्जोरीला, लहानपणी जत्रांमधून ‘इंडियन नाच’, म्हणजे मूलनिवासींचा म्हणून खपवलेला नाच, करायला लावत. झालरीचे कातडी कपडे, पायात घुंगरू. पुढे मारियानेच स्पष्ट सांगितलं की त्यात अस्सल असं काही नव्हतं, बायका परंपरेने तसं नाचतच नसत. म्हणजे खरा नाच लपवायचा आणि खोटा जत्रेत दाखवायचा!

1933 मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं. तिथे तिला ब्रोनिस्लाव्हा निजिन्स्का गुरू म्हणून लाभली. सुप्रसिद्ध नर्तक निजिन्स्कीची ही बहीण. तिचा दंडक असा, की झोपायचं तेही बॅलेरिनासारखं आणि बसची वाट बघत उभं राहायचं तेही बॅलेरिनासारखं. मारियाच्या बॅलेत मला अध्यात्म दिसतं ते इथे. याला आपण साधना म्हणतो. त्यासाठी पिसांचा मुकुट लागत नाही.

1942 मध्ये, सतरा वर्षांची असताना, ती न्यूयॉर्कला ‘बॅले रूस द माँते कार्लो’ या बॅले कंपनीत गेली. त्या काळी रशियन नावाशिवाय बॅलेत वजन पडत नसे. तिला सुचवलं गेलं, आडनाव ‘टॉलचीएव्हा’ कर. तिने साफ नकार दिला. पहिलं नाव एलिझाबेथ मारी होतं, ते मारिया करायला मात्र तिची हरकत नव्हती. तिचं सगळं धोरण मला या तडजोडीत दिसतं. कुठे वाकायचं आणि कुठे नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

1949 मध्ये नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलनशिनने तिच्यासाठी ‘फायरबर्ड’ हा बॅले बसवला. संगीत स्त्राविन्स्कीचं, नेपथ्य शगालचं, गोष्ट रशियन लोककथेतली. त्यातही काही जण तिचं ‘इंडियनपण’ शोधतात. शोधोत बापडे! 1953 मध्ये ओसेजांनी समारंभ करून तिला आपल्या भाषेतलं नाव बहाल केलं. त्यासाठी तिला कुठलाही ‘फ्यूजन’ प्रयोग करावा लागला नव्हता.

ओसेजांचा इतिहास बॅलेतून मांडण्याचं काम पुढे ओसेजांनीच हाती घेतलं. 2012 मध्ये त्यांच्या ‘वाझाझे’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. मारिया तेव्हा हयात होती. 2013 च्या एप्रिलमध्ये ती गेली.