पेन्सिलची एवढी घाई कशाला?

(आमच्या बालवाडीच्या पालकसभेत एका ताईंनी केलेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून.)

बसा बसा, मागे जागा आहे अजून. आजी तुम्ही खुर्ची घ्या, खाली नको.

तर दरवर्षी जूनमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई लिहायला कधी घेणार? पोर असतं साडेतीन वर्षांचं, आणि बिल्डिंगमधलं दुसरं कोणीतरी एबीसीडी काढतंय म्हणून आईचा जीव वरखाली. माझं म्हणणं एवढंच की लिहिणं हे हाताचं सगळ्यात शेवटचं काम आहे, त्याच्या आधी त्याला ढीगभर दुसरी कामं करायची असतात, आणि ती कामं तुमच्या घरात फुकट पडलीयेत, फक्त पोर पुढे आलं की आपणच म्हणतो सांडशील, जा तिकडे कार्टून बघ.

थोडं हाडांचं बोलते, बोअर नाही करत. मनगटात 8 बारकी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती एक्स-रेमध्ये दिसतही नाहीत कारण सगळी कूर्चाच, म्हणजे मऊ लवचिक भागच असतो, नंतर एकेक करून त्यांचं हाड व्हायला लागतं आणि शेवटच्याचं तर मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की मग. म्हणजे तीन वर्षांचं मनगट अजून कच्चं आहे. आणि ताबा येतो तो वरून खाली, आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. म्हणून कोणी म्हणालं ना की हा रेघा वेड्यावाकड्या मारतो, तर मी आधी विचारते की हा लोंबकळतो का कुठे, चढतो का, मातीत खेळतो का? नसेल तर वही बंद करा आणि ग्राउंडवर सोडा.

बोटांचंही तसंच. नऊ-दहा महिन्यांचं बाळ चिमटीने फरशीवरचा केस उचलतं, आपल्याला दिसलेलाही नसतो तो. दीड वर्षाचं झालं की खडू मुठीत धरून रेघोट्या मारतं, पुढे सगळी बोटं खाली करून धरतं, आणि अंगठा आणि दोन बोटं अशी तीन बोटांची पकड साधारण चारच्या आसपास यायला लागते. हात कागदावर टेकलाय आणि नुसती बोटं हलतायत हे त्याच्याही नंतर, पाच-सहाला. मधल्या पायऱ्या गाळून अडीच वर्षांच्या हातात पेन्सिल कोंबली तर तो काहीतरी जुगाड करून ती धरतो आणि मग तीच सवय सुटता सुटत नाही.

आता कामाचं. वालाचं बिरडं किती जणांकडे होतं? व्वा. भिजवून मोड आणलेला वाल पोरांना सोलायला द्या. अंगठा आणि पहिलं बोट, हलकं दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर येते, जास्त दाबलं की चिरडते. किती जोर लावायचा हे यातून जे कळतं ते मी वर्गात बोलून शिकवूच शकत नाही, आणि नंतर हीच मुलं पेन्सिल दाबून कागद फाडत नाहीत. मटार आहे, कणकेचा छोटा गोळा आहे, कापसाच्या वाती आहेत (आजींना माहितीये वात वळताना तळवा आणि बोटं कशी लागतात), वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे आहेत. रांगोळी तर विसरूच नका. पेन्सिलला लागणारी तीच तीन बोटं, आणि पीठ सोडायचं पण थोडं थोडं, सुरुवातीला ढीग पडतो, मग रेघ तुटते, मग कधीतरी सलग येते. सांडलं तर झाडू मारायचा, तोही व्यायामच.

आणि जेवण! वरणभात स्वतः कालवून घास करून खाऊ द्या हो. मोबाईल समोर आणि आई चमचा घेऊन मागे, यात हात बिचारा रिकामाच. स्क्रीनवर बोट फिरवायला काही जोरच लागत नाही.

खडू विकत घ्यायचे तर घ्या, पण इंचभराचे तुकडे करून द्या. तुकडा छोटा असला की मुठीत मावतच नाही, आपोआप बोटांनी धरावा लागतो. कागद भिंतीला चिकटवा, उभ्यावर चित्र काढताना मनगट बरोबर मागे वळतं. ते महागडे अॅक्टिव्हिटी किट मला तरी पटत नाहीत. आपल्याकडे बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला गेल्या, नंतर अनुताई वाघ आणि त्या कोसबाडला, तिथे आदिवासी पाड्यांवर बालवाडी चालवायला माँटेसरीची साधनं परवडणार कुठून, मग शिंपले, दगड, बिया, पानं यांच्यावरच त्यांनी काम चालवलं, आणि उत्तम चालवलं.

एक मात्र, तीन वर्षांच्या आतल्यांना मणी, बटणं, चिंचोके देऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊ नका. नाकात हरभरा जातो, घशात शेंगदाणा अडकतो. बटणासारखी बॅटरी तर घरातल्या कुठल्याच मुलाच्या हाती लागू नये.

अक्षरांचंही सांगते, आपल्याकडे पूर्वीपासून ग म भ न ने सुरुवात करतात ती उगाच नाही, उभी रेघ आणि एखादं वळण की झालं अक्षर. अ मध्ये वळणावर वळण आहे. तेव्हा घरी अ पासूनच गिरवून घेत असाल तर जरा थांबा.

काळजी कधी करायची? दीड वर्षाच्या आत मूल एकच हात वापरतंय आणि दुसरा नुसता बाजूला राहतोय, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. पाच पूर्ण झाली तरी मोठी बटणं लागत नाहीत, दोन ओळीत हात दुखतो म्हणतं, तरीही दाखवा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून विभाग असतो, मुलांच्या वाढीच्या अडचणी तिथे बघतात, पैसे लागत नाहीत.

आणि डावखुऱ्यांचा प्रश्न चिठ्ठीत आलाय. हात बदलायला लावू नका, कोणी नातेवाईक म्हणाले तरी. फक्त कात्री डावऱ्यांची आणा, आपली साधी कात्री त्यांच्या हातात कागद कापत नाही, नुसता मुडपते.