कोयरीतलं जुनं कुंकू

नमस्कार, श्रोतेहो.

काल संध्याकाळी पाडव्याची गुढी उतरवली. उद्या तृतीया. उद्या चैत्रगौर बसेल आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे चांगला महिनाभर, झोपाळ्यावर झुलेल. या महिन्यात सोयीचा दिवस बघून हळदीकुंकू करायचं, डाळ-पन्हं द्यायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची. आणि गौरीपुढे आरास मांडायची. आज मला त्या आराशीबद्दलच बोलायचं आहे.

माझ्या लहानपणी आरास विकत आणत नसत. घरात जे जे देखणं असेल ते त्या पायऱ्यांवर येऊन बसायचं. चांदीची अत्तरदाणी, पितळेची गुलाबदाणी, काचेच्या कपाटातल्या बाहुल्या, लाकडी खेळणी, रंगीत काचेचा एखादा पेला. वर्षभर कुलपात असलेल्या वस्तू चैत्रात उजेडात यायच्या. आता पुष्कळ घरांत तयार मखर येतं, प्लॅस्टिकची फुलं येतात, आणि त्या जुन्या वस्तू माळ्यावर गोणपाटात बांधून पडलेल्या असतात. नाहीतर मोडीत गेलेल्या असतात, किलोच्या भावानं. मला याचं खरोखर वाईट वाटतं. पितळेला किलोचा भाव मिळतो, पण त्यावरच्या हाताला कुठला भाव मिळणार?

माझ्या आराशीत सगळ्यांत पुढे एक कोयरी असते. हळदीकुंकवाची पितळी डबी. आंब्याच्या कोयीच्या आकाराची, म्हणून कोयरी. कैऱ्यांच्या दिवसांतल्या हळदीकुंकवाला कोयीच्याच आकाराची डबी, हा मेळ मला फार आवडतो. ही मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. बुधवारी आणि रविवारी भरत आलेला हा बाजार. तिथे जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, गंजलेले पाने आणि तुटक्या घड्याळांच्या मधे ती पडली होती. काळी झालेली, झाकण घट्ट बसलेलं. झाकणावर मोर, त्याची मान चिमटीत धरून झाकण बाजूला सरकवायचं. मोराच्या मानेवरची नक्षी पार झिजलेली, पिसाऱ्यावरची मात्र तशीच. म्हणजे वर्षानुवर्षं कुणीतरी रोज तिथेच चिमूट धरली होती.

घरी आणून खोबरेल तेलाचा थेंब सोडला, रात्रभर ठेवली, सकाळी झाकण सरकलं. आत हळदीचा कप्पा रिकामा. कुंकवाच्या कप्प्यात तळाच्या सांधीत मात्र लाल रेघ राहिलेली. कुणाच्या घरातलं कुंकू ते, कधी भरलेलं, काहीच माहीत नाही. मी डबी पुसली, पण ती रेघ टोकरून काढली नाही. त्यावर छोटी वाटी बसवून नवं कुंकू भरते. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती रेघ मुद्दाम दाखवते.

वस्तू जुनी आहे म्हणून ती काचेआड ठेवावी, असं मला वाटत नाही. निदान घरात तरी नाही. संग्रहालयाची गोष्ट वेगळी. पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभं केलं आणि पुढे सगळा संग्रह राज्य शासनाच्या हाती दिला. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, पानाचे डबे. रोजच्या वापरातल्या वस्तूंत किती हौस ओतलेली असायची, ते बघायचं असेल तर तिथे एक दुपार घालवा. सुपारी कातरायचं साधन ते, पण त्याचा घोडा केला, मोर केला, पोपट केला. तिथून बाहेर पडलं की माळ्यावरच्या अडकित्त्याकडे बघायची नजरच बदलते.

आता एक चूक सांगते, माझीच. आमच्या घरात आईच्या मावशीचा एक तांब्या होता. त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, आहेर देणाऱ्याचं, आणि खाली तिथी. पूर्वी भांड्याच्या दुकानात भांडं घेतलं की तिथेच नाव घालून देत. तांब्या काळवंडला होता. मी तो एका दुकानात मशीनच्या पॉलिशला दिला. चार दिवसांनी आणला तेव्हा आरशासारखा झाला होता. पण नाव नव्हतं. चाकाखाली अक्षरं घासून गेली होती. नुसतं ‘कडून’ एवढं अंधुक राहिलं होतं. दुकानदाराला काय बोलणार? चकचकीत करून द्या म्हणून मीच सांगितलं होतं. आईनं तो हातात घेतला, अंगठ्यानं ती जागा चाचपली आणि काही न बोलता फडताळात ठेवून दिला. ते न बोलणं मला अजून आठवतं.

म्हणून कळकळीनं सांगते, जुन्या पितळेला, तांब्याला मशीन लावू नका. ॲसिड तर नकोच. चिंचेचा कोळ आणि मीठ, किंवा लिंबाची साल, मऊ फडक्यानं, हलक्या हातानं. लगेच स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि कोरडं पुसायचं. आंबट तसंच राहिलं तर दुसऱ्या दिवशी डाग पडतात. नक्षीच्या खोलगट भागातला काळेपणा तसाच राहू द्यावा. त्या काळ्यावरच नक्षी उठून दिसते; तो काढला की मोर सपाट होतो. हिरवा गंज दिसला तर तेवढा मात्र काढायचा, कारण तो धातू खातो.

मांडणीचं म्हणाल तर, सगळं जुनं एकत्र ओतू नका. तसं केलं की ते भांड्यांचं दुकान दिसतं. गौर सगळ्यांत उंच. घरात चौरंग असेल तर चौरंगावर, नाहीतर टेबलावर दोन मजबूत खोकी उलटी घालून पायऱ्या करा. जुनी पत्र्याची ट्रंक असेल तर तिच्यासारखी पायरी नाही. वरून जुनं लुगडं अंथरा. इरकल असेल तर काठ पुढून लोंबता ठेवा, पितळ त्या गडद रंगांवर फार छान दिसतं. लुगडं कापू मात्र नका, आणि रेशमी असेल तर घडीच्या जुन्या रेषेवर ताण देऊ नका; जुनं रेशीम घडीवरच फाटतं. टाचण्याही नकोत. कापडाचं टोक खोक्याखाली दाबलं की पुरतं.

मग एकच मोठी वस्तू निवडा आणि बाकीच्यांनी तिला साथ द्यावी. माझ्याकडे ती जागा समईची. जुन्या समईचे आटे झिजलेले असतात, सांध्यातून तेल झिरपतं, म्हणून तिच्याखाली ताम्हन ठेवायचं आणि ती लुगड्यापासून हातभर दूर, खाली पाटावर. ताम्हनात पाणी घालून मोगऱ्याची चार फुलं सोडली की तेल आवरण्याची सोय कुणाच्या लक्षातही येत नाही. मागे कैऱ्यांचा घोस आणि आंब्याची डहाळी. घंगाळात कलिंगड. तांबे धातूच्या मोठ्या भांड्यावर ठोक्यांचे बारीक गोल असतील, तर ती बाजू उजेडाकडे करा. ते मठारकाम. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतले कारीगर हातोडीनं एकेक ठोका देत ते करतात. त्यानं पत्रा कडक होतो, आणि प्रत्येक ठोक्यात ज्योतीचा एकेक ठिपका चमकतो. विजेचा दिवा मालवून बघा एकदा.

खाण्याचं मात्र नीट ऐका. चैत्रातलं खाणं आंबट. कैरी घातलेली डाळ, पन्हं. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात कल्हई नसेल, तर आंबट पदार्थ कळकतो. चव बिघडते आणि पोटालाही बाधतो. बाजारातून आणलेल्या भांड्याची कल्हई शाबूत आहे असं धरून चालू नका. आत पिवळं किंवा लाल दिसत असेल तर ती गेलेली आहे. कल्हईवाला सापडला तर जरूर करून घ्या. भांडं तापवून, नवसागर टाकून, कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. पांढरा धूर निघतो आणि भांडं आतून चांदीसारखं होतं. मुलांना उभं करून दाखवावं असं काम आहे ते. कल्हईवाला नाही मिळाला तर पन्हं चिनी मातीच्या बरणीत ठेवा, डाळ चिनी मातीच्याच वाडग्यात कालवा आणि पळसाच्या द्रोणांतून द्या. ते द्रोण पितळी परातीत ओळीनं मांडा. परात मिरवते आणि डाळीला तिचा स्पर्शही होत नाही. जुनी चिनी मातीची बशी घेताना रंगाला तडे गेले असतील, पोपडे निघत असतील, तर ती फुलांना ठेवा, खाण्याला नको.

विकत घ्यायला निघालात, मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला गेलात, की घाई करू नका. नवी वस्तू रसायनानं काळी करून जुनी म्हणून विकतात. खरी जुनी वस्तू सगळीकडे सारखी काळी नसते. जिथे हात लागतो तिथे ती झिजते. कडी, मूठ, झाकणाचं टोक, खालची कड. वस्तू उलटी करून बघा. खालची कड करकरीत असेल आणि वरून शंभर वर्षांचा काळेपणा असेल, तर ठेवून द्या.

परदेशातले नातेवाईक चैत्रात आले की आजीची एखादी वस्तू मागतात. मायेनंच मागतात. पण शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कलावस्तू 1972 च्या कायद्यानुसार खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू त्याहून नवी असेल, पण दिसायला जुनी वाटत असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधीच घेऊन ठेवावा. विमानतळावर आजीची समई सोडून जाण्याची वेळ कुणावर येऊ नये.

तो नाव गेलेला तांब्या अजून आमच्याकडे आहे. त्याच्या शेजारी आता दुसरा एक असतो, तोही जुन्या बाजारातला. त्यावरचं नाव माझ्या ओळखीचं नाही, पण अक्षरं शाबूत आहेत, म्हणून घेतला. खाली लिहिलंय, ‘वैशाख, शके 1869’. म्हणजे 1947 सालातला एप्रिल-मे. देश स्वतंत्र व्हायला तीन-एक महिने होते आणि कुणाच्या तरी लग्नात हा आहेर आला. मागच्या वर्षी हळदीकुंकवाला आमच्या शेजारच्या आजी आल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी तांब्या मांडीवर घेतला आणि ते कोरलेले ठिपके बोटानं वाचत गेल्या. वैशाखाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अगो, हा तर माझ्या लग्नाच्या वर्षीचा.’ मग पन्ह्याचा पेला तसाच बाजूला राहिला आणि त्या आपल्या लग्नाचं सांगत बसल्या. अंगणातला मांडव, पाण्याची टंचाई, रेशनची साखर. आम्ही सगळ्याजणी त्यांच्याभोवती जमिनीवर बसलो होतो. समईत दोनदा तेल घालावं लागलं.

यंदाही त्या येणार आहेत. तांब्या मी कालच घासून ठेवला आहे, नुसत्या चिंचेनं. नमस्कार.