कूलरचा पंप आणि त्याची गुणगुण

फलकावर आजचा विषय ‘कूलरच्या पंपातील विजेचे दोष’ असा लिहिला आहे आणि मी त्याकडे येणारच आहे. पण त्याआधी नागपुरात मे महिन्यात घरोघरी ऐकू येणाऱ्या एका वाक्याविषयी माझी तक्रार आहे. ते वाक्य म्हणजे ‘पंप जळला’. कूलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या कोरड्या पडल्या की घरातील कर्ता माणूस हे निदान करतो, दुकानदार त्यावर शिक्कामोर्तब करतो, आणि धडधाकट पंप भंगारात जातो.

माझे मेहुणे बँकेतून निवृत्त झालेले आणि हिशेबाला पक्के. तरीही गेल्या उन्हाळ्यात ताट्या बदलल्यावर नऊ दिवसांत त्यांनी तीन पंप विकत घेतले. पहिला तिसऱ्याच दिवशी थांबला. दुकानदाराने तो काउंटरवर कोरडाच लावून पाहिला, मान हलवली आणि नवा काढून दिला. दुसऱ्याचीही तीच गत झाली. तिसऱ्याचे पाणी तर वर चढेचना, तेव्हा चौथा आणायला निघालेल्या मेहुण्यांना बहिणीने जिन्यातच अडवून मला फोन केला. सुदैवाने आधीचे दोन्ही पंप घरात होते, कारण बँकेतला माणूस जुनी पावतीसुद्धा फेकत नाही.

मी पहिला पंप पाण्याच्या बादलीत सोडला, हात बाहेर काढून पुसला आणि मगच बटण दाबले. हा क्रम कृपया उलटा करू नका. पंप फिरला नाही, पण बादलीतून बारीक गुणगुण ऐकू येत होती, आणि माझे सारे म्हणणे त्या गुणगुणीत आहे. हल्लीच्या 18 ते 40 वॉटच्या बहुतेक पंपांत तांब्याची गुंडाळी राळेत कायमची बंद केलेली असते. पाण्यात फिरतो तो केवळ एक चुंबक आणि त्याच्या टोकाचा छोटा पंखा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे तो चुंबक विजेच्या आवर्तनांशी पाऊल जुळवून मिनिटाला 3000 फेरे घेतो, आणि कोणी अडवले तर जागच्या जागी थरथरत राहतो. म्हणून गुणगुण ऐकू आली, तर वीज पोहोचते आहे आणि गुंडाळी सलग आहे. अडले आहे ते फिरणारे अंग.

प्लग काढून जाळी उघडली, तर दांडीला नव्या ताटीतल्या गवताचा धागा करदोट्यासारखा गुंडाळलेला होता. दुसऱ्या पंपातही तोच करदोटा निघाला. तिसऱ्यात काहीच दोष नव्हता; ताटी बसवताना वरची नळी मुडपली होती. चिमट्याचे आणि दोन बोटांचे हे काम, पण त्या दिवशी आमरस असल्याने मी दुपारभर थांबलो आणि दुरुस्तीला तेवढाच वेळ लागतो असे मेहुण्यांना अजूनही वाटते.

पंखा चुंबकावर थोडा सैल हलतो, म्हणून तो मोडला असे समजू नये; सुरू होताना चुंबकाला किंचित मोकळी धाव मिळावी यासाठी ती ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. कूलरमधले पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणून दांडीवर पांढरे कीट चढते; ते सुरीने खरवडण्याऐवजी लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास भिजवावे. टाकी कोरडी असताना पंप चालवू नये, कारण त्याला थंड ठेवणारे आणि त्याचे वंगण होणारे पाणीच असते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा फलकावरचा विषय पाच मिनिटांत उरकतो.

गुणगुणच नसेल, तर आधी त्या सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहावे. सॉकेट ठीक असेल, तर पंपाचा प्लग बाहेर काढून त्याच्या दोन मुख्य पिनांमधील रोध मल्टिमीटरवर मोजावा. तो अनंत आला, तर वायर किंवा गुंडाळी तुटलेली आहे. वायर बहुधा प्लगजवळ तुटते आणि जोडता येते, मात्र राळेतील गुंडाळी तुटली असेल तर तो पंप खरोखरच गेला.

पाण्यात वीज उतरत असल्याची शंका असेल, तर मल्टिमीटरच्या ‘सर्व ठीक’वर विसंबू नये, कारण तो काही व्होल्टांवरच तपासतो आणि 230 व्होल्टांना दिसणारी गळती त्याला दिसत नाही, त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडचा 500 व्होल्टांचा मेगर, म्हणजे जास्त दाबाने गळती तपासणारा मीटर हवा. लोखंडी कूलरला तीन पिनांचा प्लग, पत्र्याला घट्ट बसवलेली आर्थिंगची तार आणि घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारी कळ असावीच. फायबरच्या कूलरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण झटका टाकीतल्या पाण्याचाही बसतो. पाणी भरताना प्लग काढलेलाच असावा.

मेहुण्यांचे ते दोन पंप या टेबलावर ठेवले आहेत. चहा येईपर्यंत ज्यांना ते उघडून पाहायचे आहेत, त्यांनी पुढे यावे. प्लग मी आधीच कापून खिशात ठेवले आहेत.